आरोग्यविदेवरील लोकदेखरेख

उपचारांच्या निमित्ताने दवाखान्यांत जमा झालेली आरोग्यविदा, म्हणजे रुग्णांविषयीचा डेटा, पुढे संशोधनासाठी कोणाला, कशासाठी व कोणत्या अटींवर द्यायची, हे ठरवताना सामान्य नागरिकांना जागा देण्याची पद्धत. औषधाच्या चाचणीत सहभागी होणारा रुग्ण संमतिपत्रावर सही करतो. लाखो लोकांच्या जुन्या नोंदी जोडून अभ्यास करायचा, तर प्रत्येकाला गाठून विचारणे बहुधा शक्य नसते. मग त्या सहीची जागा कोणी घ्यायची, या प्रश्नातून ही पद्धत घडली. तिचा भरीव अनुभव ब्रिटनमध्ये साठला आहे, आणि तोही एका मोठ्या फसगतीनंतर.

इंग्लंडमधील कुटुंब-डॉक्टरांकडच्या नोंदी मध्यवर्ती साठ्यात आणण्याची ‘केअर डॉट डेटा’ ही योजना २०१३ मध्ये पुढे आली. जानेवारी २०१४ पासून अडीच कोटींहून अधिक घरांसाठी माहितीपत्रक धाडण्यात आले. त्यात योजनेचे नाव नव्हते आणि नकार कळवण्याचा अर्जही जोडलेला नव्हता. त्याच सुमारास, रुग्णालयांतील नोंदी पूर्वी विमा-गणितज्ञांच्या एका संस्थेपर्यंत पोचल्याचे उघड झाले. डॉक्टरांनी व रुग्णांनी आवाज उठवल्यावर फेब्रुवारीत योजना थांबवली गेली. पुढे राष्ट्रीय विदा-संरक्षक फिओना कॅल्डिकॉट यांचा अहवाल आला आणि जुलै २०१६ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. नकार नोंदवण्याची देशव्यापी सोय २०१८ मध्ये सुरू झाली. तरीही २०२१ मध्ये तसाच नवा प्रयत्न झाला, तेव्हा जेमतेम महिनाभरात दहा लाखांहून अधिक लोकांनी नकार नोंदवला आणि तीही योजना पुढे ढकलावी लागली. हा रोष संशोधनावर होता असे मानणे चूक ठरेल. आपल्याला न विचारता आपल्याविषयी ठरवले जात आहे, ही भावना त्यामागे होती.

लोकांना नीट विचारले तर काय घडते, हे नागरिक-पंचमंडळांतून दिसते. नेड क्रॉस्बी यांनी ही रीत अमेरिकेतील मिनेसोटात १९७० च्या दशकात रुजवली. वय, लिंग, शिक्षण अशा बाबतींत समाजाचे प्रतिबिंब पडेल अशा बेताने पंधरा-वीस माणसे निवडायची, त्यांना मानधन द्यायचे, काही दिवस तज्ज्ञांना उलटसुलट प्रश्न विचारू द्यायचे आणि मग निर्णय मागायचा. मँचेस्टरच्या संशोधकांनी अशी सतरा-सतरा जणांची दोन मंडळे तीन-तीन दिवस बसवली. त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ३४ पैकी ३३ जणांनी नोंदींच्या संशोधन-वापराला पाठिंबा दिला. २४ जणांना मात्र व्यक्तीला नकाराचा हक्क हवा होता. चर्चेनंतर अनेकांचा विदा देण्याकडे कल वाढला, तर मोजके अधिक सावध झाले. त्यामुळे लोकांना समजावले की ते आपोआप होकार देतात, हा अधिकाऱ्यांचा आवडता समज येथे पुरता टिकत नाही. दोन्ही मंडळांनी कसोटी मात्र एकच लावली : यातून जनतेचे हित काय?

पंचमंडळ निर्णय देऊन पांगते. कायमची देखरेख निराळी. वेल्समध्ये स्वान्सी विद्यापीठातील ‘सेल’ या विदापेढीने, म्हणजे संशोधनासाठीच्या नोंदींच्या साठ्याने, २०११ मध्ये नागरिकांचे सल्लागार मंडळ नेमले. तेथे रुग्णाचे नाव-पत्ता एका त्रयस्थ सरकारी यंत्रणेकडे जातो आणि त्याऐवजी सांकेतिक क्रमांक मिळतो; आजारांचा तपशील वेगळ्या वाटेने विदापेढीत येतो. संशोधकाला विदा सुरक्षित संगणक-व्यवस्थेच्या आतच पाहता येते आणि निष्कर्ष तपासल्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत. प्रत्येक प्रस्तावाची छाननी करणाऱ्या समितीत सामान्य नागरिकही बसतात. केवळ नाव पुसणे पुरेसे नसते, हे येथे ध्यानात घ्यावे. लहान गावात दुर्मीळ आजार असलेली व्यक्ती वय आणि गाव एवढ्यावरूनही ओळखू येते, आणि हे गावात राहणाऱ्या माणसाला चटकन उमगते.

सहभाग नावापुरताही असू शकतो. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांची नुसती समजूत काढली जाते; वरच्या पायऱ्यांवर त्यांच्या हाती अधिकार येतो. पुष्कळशी रुग्ण-सल्लागार मंडळे मधल्या पायऱ्यांवरच थबकतात : त्यांचे ऐकले जाते, पण प्रस्ताव नामंजूर करण्याचा अधिकार त्यांना नसतो.

भारतात आरोग्य-नोंदी डिजिटल रूपात जोडणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने, ठरावीक मानके पाळली जात असतील तर, संशोधनासाठी सवलत ठेवली आहे. त्यामुळे ती मानके कोण लिहितो, याला मोठे महत्त्व आहे. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनुसार नीतिसमितीत, म्हणजे चाचणीची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीत, किमान सात सदस्य लागतात. त्यांपैकी एक सामान्य नागरिक असावा लागतो आणि किमान निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. वैद्यकीय परिभाषेत चाललेल्या बैठकीत त्या एकट्या माणसाने तोंड उघडणे सोपे नाही. महाराष्ट्राला याहून मोकळा नमुना ठाऊक आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांची प्रगतिपत्रके भरली आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांना समोरासमोर जाब विचारला. त्यांचा विषय सेवांचा होता, विदेचा नव्हता. पण प्रश्न मराठीत, गावाच्या सोयीने आणि अनेकांच्या साक्षीने विचारले गेले.