इजेचा संदेश आणि वेदना: ऑनलाइन धड्यांत एक होणाऱ्या दोन गोष्टी

नर्सिंग, फिजिओथेरपी आणि वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांना वेदनेचा विषय आता बराचसा ऑनलाइन शिकवता येतो. मात्र या धड्यांत नॉसिसेप्शन, म्हणजे इजेचा मज्जातंतूंतून जाणारा संदेश, आणि प्रत्यक्ष वेदना या दोन गोष्टींची सहज गल्लत होते आणि त्याचा त्रास पुढे वॉर्डातल्या रुग्णाला होतो.

संदेश मोजता येतो. तव्याला बोट लागले की ए-डेल्टा नावाचे जलद मज्जातंतू सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने तो नेतात आणि झटकन कळ येते. सी नावाच्या संथ तंतूंचा वेग अर्धा ते 2 मीटरच असल्याने जळजळ मागाहून जाणवते. हा भाग फळ्यापेक्षा ॲनिमेशनमध्ये अधिक चांगला उमगतो.

वेदना हा माणसाचा अनुभव आहे. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपली 1979 ची व्याख्या 2020 मध्ये सुधारली, तेव्हा या दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्याचे व्याख्येसोबतच्या टिपेत स्पष्ट नोंदवले. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या जखमेतून संदेश निघत असतात, पण त्याला वेदना जाणवत नाही. उलट हात गमावलेल्या माणसाची नसलेल्या हाताची बोटे दुखतात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आले एवढ्यावरून ‘दुखत नसणार’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

बेळगाव सीमाभागात यात भाषेची भर पडते. मधुमेहाने त्रासलेली खानापूरकडची आजी ‘पाय भगभगतात’ म्हणते, तर चिकोडीकडची कन्नड आजी ‘उरी’, म्हणजे आग होते, असे म्हणते. तक्रार एकच असते. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही शब्द परके असतात, आणि तो ‘दहापैकी किती दुखते’ एवढेच विचारून पुढे जातो. आकड्यातून तीव्रता कळते, वेदनेचा प्रकार कळत नाही. भगभग, मुंग्या, विजेसारखी चमक हे शब्द मज्जातंतूंनाच इजा झाल्याने होणाऱ्या वेदनेकडे बोट दाखवतात, जिथे साध्या वेदनाशामक गोळ्या बहुधा पुऱ्या पडत नाहीत.

म्हणून ऑनलाइन धड्यात रुग्णांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेले मराठी आणि कन्नड बोलणे असावे, आणि ते ऐकून पुढचा प्रश्न कोणता विचाराल हे विद्यार्थ्याने लिहावे. बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असे ठरत नाही, हेही 2020 च्या टिपांतच आहे. यासाठी एखादा धडा आवाजाविनाच ठेवावा, ज्यात केवळ कपाळावरच्या आठ्या, आवळलेली मूठ आणि पोटाशी घेतलेले गुडघे पाहून नोंद करायची असेल.