पुढचं पाहून आधीच हालणारं नियंत्रण

पुण्याजवळच्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात खुद्द खडकवासल्याचा वाटा २ टीएमसीपेक्षाही कमी. पानशेत, वरसगाव, टेमघरकडून लोंढा आला की तो धरून ठेवायला इथे जागाच उरत नाही. पातळी चढलेली दिसल्यावर दरवाजे उचलले, तर मुठा नदीत एकदम मोठा विसर्ग सोडावा लागतो आणि पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली जातो. म्हणून घाटमाथ्यावरचा पाऊस आणि वरून येणारं पाणी बघून आधीच धरण थोडं रिकामं करायचं. कंट्रोलवाल्यांच्या, म्हणजे यंत्रांचं नियंत्रण बघणाऱ्या इंजिनिअरांच्या भाषेत हे फीडफॉरवर्ड. चूक दिसल्यावर ती सुधारायची, तो फीडबॅक.

यंत्रांत फीडबॅक आधी रुळला. जेम्स वॉटने १७८८च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप काबूत ठेवणारं साधन, बसवला. पण वेग बदलल्याशिवाय तो हालत नसे. पुढचा अंदाज घ्यायची कल्पना आली ती जहाजावरून. निकोलस मिनोर्स्कीने १९२२ साली स्वयंचलित सुकाणूचं गणित मांडलं. कसलेला सुकाणूवाला जहाज किती भरकटलंय एवढंच बघत नाही, किती वेगाने वळतंय तेही बघतो आणि वळण पुरं होण्याआधीच चाक उलटं फिरवू लागतो. आज कारखान्यांत सर्रास वापरतात त्या पीआयडी कंट्रोलरमधला ‘डी’ (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग) तो हाच.

खरी डोकेदुखी उशिराची. व्हॉल्व्ह आत्ता फिरवला आणि परिणाम बऱ्याच मिनिटांनी दिसला, तर तोवर ऑपरेटर आणखी दोनदा फिरवून मोकळा होतो! ऑटो स्मिथने १९५७ मध्ये यावर तोड काढली: प्रक्रियेचं गणिती मॉडेल कंट्रोलरच्या आतच चालवायचं, म्हणजे परिणाम दिसायची वाट न बघता त्याचा अंदाज येतो. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये रिशाले आणि शेल या तेल कंपनीत कटलर व रामाकर या इंजिनिअरांनी हा धागा मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोलपर्यंत नेला. पुढच्या बऱ्याच पावलांचा हिशोब करायचा, त्यातलं पहिलंच पाऊल टाकायचं, पुन्हा मोजायचं, हिशोब नव्याने मांडायचा. ही पद्धत रिफायनरीत आधी रुजली, कारण तेलाचे घटक वेगळे करणारा डिस्टिलेशन कॉलम सावकाश चालतो आणि तेव्हाचे संगणकही सावकाशच होते.

आता हिशोब मिलिसेकंदांत होतो, त्यामुळे ही पद्धत गाड्यांपर्यंत आली आहे. पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन शिकणाऱ्यांना पीआयडीनंतर हेच भेटतं. माझ्या मते त्यांनी गणिताइतकंच देखभालीकडे बघावं. एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये थर साचतो, प्लांट बदलतो, मॉडेल मात्र जुनंच राहतं. मग अंदाज चुकू लागले की शिफ्टवरचा ऑपरेटर कंट्रोलर बाजूला ठेवून सरळ मॅन्युअलवर टाकतो.