बत्तीस मिनिटांचा हिशेब

आमच्या थोरल्या काकांचा जन्म बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला, १९४४ सालच्या जानेवारीतल्या शेवटच्या आठवड्यातला. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. खिशातलं घड्याळ पाहून त्यांनी वहीत लिहून ठेवलं : ‘शुक्रवार, सकाळी ७ वाजून १० मिनिटे.’ आजी मात्र मरेपर्यंत सांगायची की बाळंतपण कंदिलाच्या उजेडात झालं, बाहेर काळोखच होता. सात-दहाला कसला काळोख, म्हणून सगळे तिला हसायचे.

काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने ती वही पुन्हा बाहेर निघाली आणि पत्रिका नव्याने करून घ्यायचं ठरलं. शहापुरातल्या जोशीबुवांनी तारीख वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “ही लढाईतली वेळ का नेहमीची?”

कुणालाच काही कळलं नाही. ‘सात-दहा’ म्हणजे सात-दहाच, असं आपण धरून चालतो. पण घड्याळाचा आकडा कुठल्या तरी गावच्या सूर्याला बांधलेला असतो, आणि ते गाव बेळगाव कधीच नव्हतं.

जुन्या पंचांगकर्त्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. दिवसाच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळं. घटिका म्हणजे आपली २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यात सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटिका. ही झाली गावची वेळ, सूर्योदयापासून मोजलेली. ग्रहगणित मात्र उज्जयिनीच्या रेषेवर केलेलं असायचं, आणि आपल्या गावासाठी त्याला ‘देशांतर संस्कार’ द्यावा लागायचा. पृथ्वी साठ घटिकांत ३६० अंश फिरते, म्हणजे अंशाला दहा पळं. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर, उज्जैन त्याच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडं जास्त. फरक साधारण तेरा पळांचा, म्हणजे पाचेक मिनिटांचा. संगणकातली आजची वेळेची गणितं ह्याच चालीने जातात : एक रेषा सगळ्यांची म्हणून धरायची आणि आपल्या जागेपुरती बेरीज-वजाबाकी करायची. बदलत गेली ती रेषा.

पाच मिनिटांच्या फरकाने कुणाचं काही अडत नव्हतं. अडायला लागलं ते रेल्वे आल्यावर. १८७० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागल्या. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ धाडता यायची, आणि मुंबई-कलकत्त्याच्या भांडणात मद्रास मधोमध पडायचं. मद्रास ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे, मुंबई ४ तास ५१ मिनिटं, कलकत्ता ५ तास ५३ मिनिटं. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन आमच्या भागात आली. बेळगावचा स्वतःचा सूर्य ग्रीनिचच्या ४ तास ५८ मिनिटं पुढे, म्हणजे मद्रासच्या २३ मिनिटं मागे. गावातल्या सूर्यघडीवर बारा वाजले की रेल्वेच्या वेळेने बारा-तेवीस झालेले. उन्हाकडे बघून निघालेल्या माणसाला गाडीचा धूर दिसत असणार.

मुंबईकरांनी ह्या मद्रास वेळेवरून मोठाच गोंधळ घातला. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे तेच) यांनी १८८१ साली सरकारी कामकाजाला मद्रासची वेळ लावली. शहर बिथरलं आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. एका घड्याळाच्या काट्यासाठी एवढं भांडण कशाला, असं आज वाटतं. पण न विचारता तुमचं गाव दुसऱ्या गावाला जोडून टाकलं की कसं वाटतं, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

दरम्यान १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ग्रीनिचची रेषा जगाची शून्य रेषा ठरली. त्या हिशेबात बसेल असा आकडा हिंदुस्थानला हवा होता. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ देशाची प्रमाण वेळ झाली : ग्रीनिच अधिक साडेपाच तास. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. मुंबईत तर ३९ मिनिटं मागे असलेली जुनी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवसापासून आजवर इथे नावापासून पाट्यांपर्यंत सगळ्यावर वाद झाले. घड्याळावर तेवढा झाला नाही. गणपत गल्लीत कुणी मराठीत विचारो, ‘टैम किती झाला’, नाहीतर कन्नडात, ‘टैम एष्टायतु’, उत्तर एकच.

आता बेळगावचे ते बत्तीस. साडेब्याऐंशीतून साडेचौऱ्याहत्तर वजा केले की उरतात आठ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणून बत्तीस. आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा बेळगावचे अकरा-अठ्ठावीसच झालेले असतात. सूर्य माथ्यावर यायला सरासरी साडेबारा उलटतात. ‘सरासरी’ म्हणायचं कारण, सूर्य काही काट्यासारखा चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो बारा-सोळाच्या आसपास माथ्यावर येतो, फेब्रुवारीच्या मध्याला बारा-शेहेचाळीसला. ज्याला पटत नसेल त्याने अंगणात काठी रोवावी. मेच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी बेळगावात सावली पायाखाली गडप होते. तेव्हा घड्याळ बाराचं नव्हे, साधारण बारा-एकोणतीसचं असतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसाच दिवस येतो, पण तेव्हा सूर्य दिसला तर नशीब.

शेजारच्या गोव्यात गंमत निराळीच होती. पोर्तुगालने १९११ साली आपल्या वसाहतींना ग्रीनिचपासूनचे पूर्ण तास वाटून दिले आणि १९१२ पासून पोर्तुगीज हिंदुस्थानला पाच तास मिळाले. कॅसलरॉकला ब्रिटिश हद्द संपायची. तिच्यापलीकडची अधिकृत वेळ अलीकडच्या वेळेपेक्षा अर्धा तास मागे. नीट पाहिलं तर परक्यांचं ते घड्याळच आमच्या सूर्याला जवळचं. त्यात आणि बेळगावच्या खऱ्या वेळेत फक्त दोन मिनिटांचं अंतर होतं.

मग आली लढाई. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने देशातली घड्याळं एक तास पुढे केली, संध्याकाळचा उजेड जास्त वापरता यावा म्हणून. १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थान ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होता. पत्रिका करणाऱ्यांच्या धंद्यात ही तीन वर्षं म्हणजे खड्डा. सरकारी माणसाने लिहिलेली वेळ एक, रानातल्या माणसाने कोंबड्यावरून सांगितलेली दुसरी. म्हणून जोशीबुवा आधी बाप काय करायचा ते विचारतात. मास्तर असेल, पोस्टमन असेल, तर एक तास वजा.

लढाईनंतर ग्रीनिचचा सूर्यही मागे पडला. पृथ्वी किंचित अडखळत फिरते हे लक्षात आल्यावर १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच सिझियम अणूवर नेली : त्याची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. जगाची वेळ आता अणुघड्याळं ठरवतात. तिला इंग्रजीत तीन अक्षरांनी यूटीसी म्हणतात. ही अक्षरं इंग्रजी नावाच्या क्रमाने नाहीत आणि फ्रेंच नावाच्याही नाहीत, दोन्ही पक्षांची समजूत काढताना मध्येच कुठेतरी जमली आहेत. पृथ्वी मागे रेंगाळली की ह्या वेळेत एक सेकंद जादा घालायचा, अशी रीत १९७२ पासून पडली आणि २०१६ अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा सेकंद ग्रीनिचला ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घातला. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती. पाच वाजून एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनंतर साडेपाच वाजले नाहीत, आधी साठावा सेकंद आला. बेळगावात त्या वेळी दूधवाले सोडले तर बहुतेक सगळे झोपेत असावेत. आपली प्रमाण वेळ राखण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे.

वजाबाकी सोपी आहे : आपल्या वेळेतून साडेपाच तास काढायचे. फसतो माणूस तो तारखेवर. पहाटे साडेपाचच्या आधी आपली तारीख जगाच्या तारखेपेक्षा एक दिवस पुढे असते. अर्जाची मुदत ‘यूटीसी रात्री ११.५९’ असेल तर बेळगावात दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ५.२९ पर्यंत हात चालवता येतो. दुसरा फास उन्हाळी वेळेचा. अमेरिकेत मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत घड्याळं एक तास पुढे असतात, पण तिथली माणसं लिहिताना हिवाळ्याचीच अक्षरं ठोकून देतात. माझ्या भाच्याची एका परदेशी कंपनीत मुलाखत होती, मे महिन्यात. पत्रात ‘ईएसटी सकाळी साडेनऊ’. ईएसटी म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची हिवाळी वेळ, आपल्या साडेदहा तास मागे. पठ्ठ्याने चोख हिशेब करून रात्री आठला शर्ट-टाय लावून लॅपटॉप उघडला. समोरचे सातलाच येऊन, वाट बघून गेले होते. चूक त्यांची, नोकरी ह्याची. त्यांच्या उन्हाळ्याचा तास आणि आमच्या लढाईचा तास, जात एकच.

सगळ्यात जुना आणि रोजचा वापर मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात पेपरात आंबोलीचा, खानापूरचा, बेळगावचा पाऊस येतो : ‘सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत’. साडेआठच का, आठ का नाही, नऊ का नाही? कारण जगभरचे हवामानवाले यूटीसीप्रमाणे दर तीन तासांनी, एकाच क्षणी नोंदी घेतात, आणि आपले साडेआठ म्हणजे त्यांचे बरोबर तीन. पर्जन्यमापकातलं पाणी मापात ओतणारा माणूस छत्री सावरत ग्रीनिचची वेळ पाळत असतो.

जोशीबुवांनी काकांचा हिशेब कागदाच्या पाठीवर मांडला. वहीतले ७.१०. लढाईचा तास वजा : ६.१०. बेळगावचे बत्तीस वजा : ५.३८. ग्रीनिचला तेव्हा मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटं. जानेवारीच्या अखेरीला आमच्याकडे सूर्य उगवतो आजच्या घड्याळाने सातच्या जरा पुढे. म्हणजे जन्म सूर्योदयाच्या तब्बल पाऊण तासाहून जास्त आधीचा, काळोखातला. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, अर्ध्या राशीने सरकलं. आणि पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे वारही आदला.

“गुरुवार,” बुवा म्हणाले.

काका जन्मवार म्हणून साठेक वर्षं शुक्रवार धरतात. ते थोडा वेळ कागदाकडे बघत बसले. “आई कंदील म्हणायची ते खरंच होतं की,” म्हणाले, “आणि मी इतकी वर्सं चुकीच्या वारी उपास केलो की रे!”