तोंडवळा आणि ८० टक्के

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात, पंगत उठता उठता, एका आजींनी माझा हात धरला. "कुणाची गं तू? तोंडवळा तर आमच्या अक्काचा दिसतोय." मी नाव-गाव सांगितलं. अक्काचा नि माझा दूरान्वयानेही संबंध निघाला नाही. "असू दे बाई, दिसतेस मात्र तश्शीच," म्हणत त्यांनी हात सोडला.

चेहरा ओळखणारं यंत्रही तोंडवळाच जुळवतं. फक्त "कुणाची गं तू?" हे ते विचारत नाही.

कॅमेऱ्यातल्या चित्रात आधी चेहरा कुठे आहे ते शोधलं जातं. डोळे, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा यांच्या खुणा धरून तो सरळ केला जातो. मग संगणकाचं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणारी प्रणाली, त्या चेहऱ्याचं आकड्यांच्या यादीत रूपांतर करतं. २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या 'फेसनेट' पद्धतीत ही यादी १२८ आकड्यांची होती. हे आकडे म्हणजे नाकाची लांबी किंवा कपाळाची रुंदी नव्हे. ते त्या चेहऱ्याचा एका अदृश्य नकाशावरचा पत्ता असतात. लाखो फोटो दाखवून नेटवर्कला शिकवलेलं असतं, की एकाच माणसाचे फोटो या नकाशावर शेजारी-शेजारी बसव आणि वेगळ्या माणसांचे लांब लांब. ओळखायची वेळ आली की यंत्र दोन पत्त्यांमधलं अंतर मोजतं आणि साम्याचा एक आकडा देतं. यंत्राचं काम तिथे संपतं.

किती साम्य असलं की 'हा तोच' म्हणायचं, ही रेघ मात्र माणूस आखतो. रेघ वर नेली तर खरा माणूसही निसटतो, खाली आणली तर भलतेच लोक सापडतात. दिल्ली पोलिसांनी ही रेघ ८० टक्क्यांवर आखल्याचं २०२२ साली माहिती अधिकारातल्या उत्तरातून बाहेर आलं. ८० टक्के साम्य म्हणजे 'हा तोच असण्याची शक्यता ८० टक्के' असं नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सख्ख्या बहिणींतही भरपूर साम्य असू शकतं, म्हणून त्यातली एक दुसरी होत नाही.

फोन उघडताना यंत्र तुमचा चेहरा फक्त तुमच्याच साठवलेल्या चेहऱ्याशी ताडून पाहतं. गर्दीतला चेहरा मात्र हजारो चेहऱ्यांच्या यादीशी ताडला जातो, आणि तिथे गणित फिरतं. समजा, दादरच्या पुलावरून दिवसभरात १ लाख माणसं गेली आणि त्यांत पोलिसांना हवे असलेले १० जण होते. यंत्र हजारातल्या एकाच निरपराध माणसाच्या बाबतीत चुकतं आणि ते दहाही जण पकडून देतं, असं धरू. तरी दिवसाअखेर घंटा वाजेल सुमारे ११० वेळा, आणि त्यांतले १०० जण ऑफिसला किंवा भाजी आणायला निघालेले असतील. ९९.९ टक्के अचूक म्हणून जाहिरात करता येईल असं हे यंत्र!

चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, हीसुद्धा मोजलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या 'निस्ट' या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या. दोन फोटो एकाच माणसाचे आहेत का, या परीक्षेत बऱ्याच प्रणाली गोऱ्यांच्या तुलनेत आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत १० ते १०० पट जास्त वेळा चुकीचा होकार देत होत्या. आशियात तयार झालेल्या काही प्रणालींमध्ये आशियाई चेहऱ्यांबाबत एवढी तफावत नव्हती. म्हणजे यंत्राला शिकवताना कोणाचे चेहरे दाखवले, यावर बरंच अवलंबून असतं.

या आकड्यांमागचा एक माणूस म्हणजे डेट्रॉइटजवळ राहणारे रॉबर्ट विल्यम्स. जानेवारी २०२०मध्ये पोलिसांनी त्यांना घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या डोळ्यांदेखत बेड्या घातल्या. घड्याळांच्या चोरीच्या अंधुक चित्रणाशी यंत्राने त्यांच्या वाहन परवान्याचा जुना फोटो जुळवला होता. चौकशीत चोराचा फोटो समोर ठेवला गेला तेव्हा विल्यम्सनी तो उचलून स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरला. तो त्यांचा नव्हताच. सुटका होईपर्यंत त्यांनी सुमारे ३० तास कोठडीत काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आपली म्हण अशी अक्षरशः खरी होताना पाहून जीव तुटतो.

आपल्याकडची सुरुवात तर एका पुण्यकर्मापासून झाली. हरवलेली मुलं शोधायला दिल्ली पोलिसांनी हे तंत्रज्ञान घेतलं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आलं, की त्याची अचूकता अवघी २ टक्के आहे. पुढच्या वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने सांगितलं, की त्याला मुलगा-मुलगी हा फरकही कळत नाही. तरी चेहरा ओळखण्याचा वापर आटला नाही, पसरला. ११ मार्च २०२० रोजी गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत सांगितलं, की दिल्ली दंगलीतले ११००हून अधिक लोक असे ओळखले गेले आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रं, वाहन परवाने यांची माहिती वापरली. दंगलखोर पकडले जायलाच हवेत. पण मतदार ओळखपत्रासाठी फोटो देताना आपण संशयितांच्या रांगेत उभे राहायला होकार दिला नव्हता. बोटाचा ठसा घ्यायला निदान माणसाला बोलवावं लागतं, चेहरा मात्र लांबूनही, त्याच्या नकळतही घेता येतो.

यंत्राने चुकून 'नाही' म्हटलं, तर त्याचा फटका वेगळ्याच लोकांना बसतो. जुलै २०२५पासून अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना मिळणाऱ्या घरपोच आहारासाठी 'पोषण ट्रॅकर' या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर चेहरा जुळणं सक्तीचं झालं. सेविका मोबाइल धरून उभी, कडेवर बाळ घेतलेली आई समोर, आणि नेटवर्क गेलं किंवा चेहरा जुळला नाही, तर आहाराचं पाकीट तिथेच राहण्याची भीती. सेविका त्या आईला लग्न होऊन गावात आल्यापासून ओळखते. तिच्या शब्दाला यंत्रापेक्षा कमी किंमत का?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्राला देतो. युरोपीय संघात सार्वजनिक जागी पोलिसांनी थेट चेहरे ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५पासून, मोजके अपवाद सोडून, बंदी आहे. हे तंत्रज्ञान कुठे वापरायचं याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून व्हायचा आहे.

मे २०२१, हैदराबाद. टाळेबंदीत सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना पोलिसांनी रस्त्यात अडवलं आणि मास्क काढायला सांगितला. त्यांनी नकार दिला, तरी पोलिसांनी फोटो काढलाच. मसूद यांनी वकिलामार्फत विचारलं: माझा फोटो का काढला, तो किती दिवस ठेवणार, कोण कोण पाहणार? उत्तर आलं नाही, तेव्हा हेच प्रश्न घेऊन ते तेलंगणा उच्च न्यायालयात गेले.