मामा कुणाचा कोण?

अंतरपाट धरलेला असतो, अक्षता वाटून झालेल्या असतात आणि माइकवरून गुरुजींचा पुकारा होतो, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मग केटररशी हुज्जत घालत बसलेले मामा उपरणं सावरत धावतात. जावळ काढायचं तर बाळ मामाच्या मांडीवर, कान टोचायचे तरी मामाच्याच. सख्खा बाप बाजूला उभा राहून फोटो काढतो. एवढा मान असलेल्या या दोन अक्षरांचं दुसरं टोकही मराठीतच आहे. एखाद्याला फसवलं की आपण त्याचा 'मामा बनवतो', आणि सिग्नल तोडण्याआधी चौकात 'मामा' उभा आहे का तेही बघून घेतो.

हाच शब्द जॉर्जियातल्या तिबिलिसीत बापाला लागतो, टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये आईला, तेहरानमध्ये सुइणीला. इस्तंबूलमध्ये 'मामा' म्हणजे बाळाचं खिमट, आणि हल्ली मांजराचं खाणंही. सिंहलीत दीर्घ 'मामा' आपल्यासारखाच आईचा भाऊ, पण ऱ्हस्व 'मम' म्हणजे चक्क 'मी'. संस्कृतात 'मम' म्हणजे 'माझं' हे पूजेला बसून संकल्प सोडलेल्या कुणालाही माहीत असतं. आणि आपल्याकडचं वर्षाचं पोर 'मंमं' म्हणतं तेव्हा त्याला भूक लागलेली असते.

आपल्या मामापासून सुरुवात करू. संस्कृतात आईच्या भावाला रीतसर शब्द 'मातुल'. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला समोर जे आप्त दिसतात, त्यांत 'मातुलाः श्वशुराः पौत्राः' अशी रांगच आहे. तिथे मामा नाही. तो भेटतो पंचतंत्रात, काकडीच्या शेतात शिरलेल्या गाढवाच्या गोष्टीत. चांदणं पडलंय, पोट भरलंय, तेव्हा गाढवाला गाण्याची हुक्की येते. कोल्हा त्याला 'माम' अशी हाक मारून समजावतो, गाढवही त्याला 'भगिनीसुत' म्हणून उत्तर देतं. व्हायचं ते होतं. शेतकरी गाढवाला बडवून त्याच्या गळ्यात उखळ अडकवतो, आणि मग कोल्हा श्लोकातून टोमणा मारतो, 'साधु मातुल'. एकाच गोष्टीत दोन्ही शब्द आहेत, बोलताना माम आणि छंदात मातुल. घरातला शब्द आणि पोथीतला शब्द यांतलं हे अंतर तेव्हाही होतं. शिवाय नात्याचा नसलेल्याला मामा म्हणून गोड बोलायची आपली सवयही किती जुनी, ते कळतं.

पण मराठी मामाचं खरं गुपित दक्षिणेकडे आहे. तमिळमध्ये 'मामा' आईचा भाऊ आणि सासराही. तेलुगूत 'माम' म्हणजे सासरा. आईच्या भावाला वेगळं काढायचं असेल तर 'मेनमाम' म्हणावं लागतं. कन्नडात 'माव' दोघांनाही चालतो. कारण उघड आहे. मामाच्या मुलाशी किंवा मुलीशी लग्न करायची रीत, मग मामा आणि सासरा हा बहुधा एकच माणूस. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या म्हणून जे पाच आचार सांगितले आहेत, त्यांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न हे येतंच. (त्याच यादीत शिळं अन्न खाणंही आहे. फोडणीच्या पोळीवर वाढलेल्या मंडळींनी आपण कुठल्या बाजूचे ते यावरून ओळखावं.)

महाराष्ट्र ही दक्षिणेकडची रीत आणि मामाच्या मुलीशी लग्न न चालणारी उत्तरेकडची रीत यांच्या सीमेवर आहे, असं इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात दाखवलं. त्याचा पुरावा शोधायला ग्रंथालयात जायला नको, जुन्या सुनेची भाषा पुरे. ती सासऱ्याला 'मामंजी' म्हणायची आणि सासूला 'आत्याबाई'. खेड्यापाड्यांत अजूनही सासरे 'मामा' आणि सासू 'आत्या' असतात. आता बघा, मामाची बायको ती मामी. मग मामंजींची बायको आत्याबाई कशी? दोन घरांनी पिढ्यानपिढ्या एकमेकांत मुली दिल्या-घेतल्या, तरच हे कोडं सुटतं. आपल्या आईचा भाऊ आणि आपल्या बापाची बहीण हेच नवरा-बायको होतात, आणि त्यांच्या मुलाशी आपलं लग्न. म्हणून तर कित्येक घरांत आत्याच्या नवऱ्यालाही मुलं 'मामा'च म्हणतात. ज्या घरांत आता मामाच्या मुलीशी लग्नाचा विचारही कुणी करणार नाही, तिथेसुद्धा ही हाक टिकून आहे. रीत गेली, पण तिचा पत्ता जिभेवर राहिला.

समुद्रापलीकडे सुमात्रात मिनांगकाबाऊ लोकांकडे 'मामाक' म्हणजे आईचा भाऊच. तिथे घर-जमीन आईकडून मुलीकडे जाते, त्यामुळे भाच्यांची जबाबदारी मामाकवर असते आणि मामाचा शब्द घरात चालतो. मलेशियात हाच शब्द वेगळ्या वाटेने रस्त्यावर आला. तमिळ मुसलमानांच्या खानावळींना तिथे 'मामाक' म्हणतात. हा त्यांच्या तमिळ 'मामा'चाच अवतार मानतात. रात्री दोन वाजता रोटी चनाई आणि ओढून ओढून फेसाळवलेला चहा हवा असेल तर क्वालालंपूरमध्ये मामाक गाठावा. आपल्याकडे मामाच्या गावाला जाऊन शिकरण मिळतं, त्यातलाच प्रकार.

आता जॉर्जिया. तिथे 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. वैद्यकीय शिक्षणासाठी तिबिलिसीला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे पचायला थोडा वेळ लागतो. 1876 साली याकोब गोगेबाश्विली यांनी काढलेलं तिथलं गाजलेलं बालपाठ्यपुस्तक 'देदा एना', म्हणजे मातृभाषा, या नावाचं आहे. तिबिलिसीच्या टेकडीवर 1958 पासून उभा असलेला प्रचंड पुतळाही 'कार्तलिस देदा', जॉर्जियाची आई. चर्चमधल्या धर्मगुरूला मात्र 'मामाओ'. जॉर्जियन एकटी नाही. ऑस्ट्रेलियातल्या पिच्चनचारा भाषेतही 'मामा' बापच आहे.

मग जगभर हा एकच आवाज का घुमतो? सगळ्या भाषा कधीतरी एकाच घरात नांदत होत्या, असं वाटणं साहजिक आहे, पण या आवाजावरून ते सिद्ध होत नाही. जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने आई आणि बाप यांच्यासाठी जगभरचे 1072 शब्द गोळा केले, त्यांतले 531 आईचे आणि 541 बापाचे. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या भाषांमध्ये तेच ते आवाज येत होते. 1959 साली मर्डॉकने हा गुंता भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दिलेलं उत्तर पाळण्याजवळ बसून कुणालाही पडताळून पाहता येईल. अंगावर पिणाऱ्या बाळाचं तोंड अडलेलं असतं, तेव्हा आवाज निघायचा तर नाकातूनच निघणार. ओठ मिटलेले आणि नाक मोकळं, म्हणजे 'म'. पुढे दूध नुसतं दिसलं तरी तो हुंकार येतो, मग भूक लागली की येतो, मग दूध देणारी दिसेनाशी झाली की येतो. तोंड उघडलं की मागे 'आ' येतोच. म + आ. पाणिनीय परंपरेत ज्यांना ओष्ठ्य म्हणतात ते प, ब, म बाळाच्या तोंडी लवकर येतात ते यामुळे.

म्हणजे बाळ कुणाचंच नाव घेत नसतं. ते नुसतं भुकेलं असतं. त्याच्या त्या आवाजावर हक्क सांगतात ती भोवतालची मोठी माणसं. 'मलाच हाक मारली!' असं कुठे आई म्हणाली, कुठे बाप. तुर्कांनी तो आवाज खाण्यालाच ठेवला, आणि आपल्याकडे आईच्या माहेरच्या माणसाने तो पटकावला. 'मंमं' ची वाटी घेऊन बसलेल्या आईला त्यातलं काही मिळालं नाही. लॅटिनमध्ये 'मम्मा' म्हणजे स्तन, बाळाच्या दृष्टीने हे सगळ्यांत प्रामाणिक भाषांतर. लिनियसने 1758 साली प्राण्यांच्या एका अख्ख्या वर्गाला त्यावरून 'मॅमेलिया' नाव दिलं, आपण त्यांना सस्तन म्हणतो.

ओठांवरून एक जुनं जपानी कोडं आठवलं. 1516 सालच्या एका कोड्यांच्या संग्रहात ते आहे: आईला दोनदा भेटतं, बापाला एकदाही भेटत नाही, ते काय? उत्तर आहे, ओठ. आजच्या जपानी माणसाला हे कोडं उलगडत नाही, कारण आईला तो 'हाहा' म्हणतो आणि त्यात ओठ मिटतच नाहीत. पाचशे वर्षांपूर्वी तोच शब्द 'फाफा'च्या जवळपास उच्चारला जायचा, ओठ दोनदा जवळ यायचे. एका पोरकट कोड्याच्या आधारे अभ्यासकांना तो हरवलेला 'फ' सापडला.

मराठीत हे कोडं घालायचं तर असं घालावं लागेल: बाबांना दोनदा भेटतात, मामाला दोनदा भेटतात, आईला एकदाही नाही.