अडलेल्या बाळंतिणींची डॉक्टर

कळा सुरू होऊन एक दिवस जातो, दुसरा जातो, बाळ काही खाली सरकत नाही. बाई अडली, असं आपण म्हणतो. त्या वेळी बाळाचं डोकं आणि आईच्या ओटीपोटाचं हाड यांच्या कात्रीत मूत्राशय सापडलेलं असतं. दाबामुळे तिथला रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग मरतो आणि बाळंतपणानंतर काही दिवसांनी गळून पडतो. मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं. लघवी दिवसरात्र ठिबकत राहते. बाळ तर बहुतेक वेळा गेलेलंच असतं. याला फिस्टुला म्हणतात. वेळेवर सिझेरियन झालं, तर तो होत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॅथरीन हॅमलिन १९५९ मध्ये पती डॉ. रेजिनाल्ड यांच्यासोबत इथिओपियात आल्या, त्या सुईणींचं शिक्षण सुरू करायला. करार तीन वर्षांचा होता. पण दारात फिस्टुलाच्या बायका येऊ लागल्या. दोघांनी पुस्तकं आणि जुने शोधनिबंध वाचून ही शस्त्रक्रिया आत्मसात केली आणि १९७४ मध्ये अदिस अबाबात फक्त याच आजाराचं, मोफत उपचारांचं रुग्णालय उभं केलं. कॅथरीन २०२० मध्ये वारल्या, वयाच्या ९६ व्या वर्षी, अदिस अबाबातच. तोवर तिथे साठ हजारांहून जास्त बायकांवर उपचार झाले होते.

भोक शिवणं ऐकायला सोपं वाटतं. पण आजूबाजूची कातडी व्रणांनी कडक झालेली असते, आणि ताणून शिवलं तर टाका फाटतो. म्हणून मूत्राशयाची भिंत योनीमार्गापासून अलगद सोडवून आधी सैल करतात, मग शिवतात. नंतर मूत्राशयात निळा रंग भरून बघतात. योनीमार्गात ठेवलेली गॉजची पट्टी पांढरी राहिली, तर शिवण पक्की. पुढचे साधारण दोन आठवडे कॅथेटर. ही नळी तुंबली तर मूत्राशय फुगून टाके उसवू शकतात, म्हणून नळी वाहती ठेवणं हे नर्सचं शस्त्रक्रियेइतकंच मोलाचं काम.

आणि पाणी! गळती कमी व्हावी म्हणून या बायका पाणीच तोडतात. मग लघवी तीव्र होते, कातडी आणखी भाजते, मूत्राशयात खडे होतात. इतकी वर्षं तहान मारलेल्या बाईला भरपूर पाणी प्यायला लावावं लागतं.

मामितु गाशे याच डॉक्टरांकडे रुग्ण म्हणून आल्या होत्या. शाळा पाहिलेली नव्हती. त्या आधी मदतनीस झाल्या, मग टाके घालायला शिकल्या आणि पुढे फिस्टुलाच्या निष्णात सर्जन म्हणून ओळखल्या गेल्या. मला या साऱ्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

सगळ्याच बायका पूर्ण बऱ्या होत नाहीत. भोक बुजलं तरी काहींची गळती राहते, काहींना मूत्राशयच उरलेलं नसतं. त्यामुळे कॅथरीन यांना भोक शिवण्याइतकंच ते पडूच न देणंही गरजेचं वाटत होतं. २००७ मध्ये त्यांनी सुईणींचं कॉलेज सुरू केलं. खेड्यातल्या मुली इथे शिकतात आणि ग्रामीण आरोग्य केंद्रांत कामाला जातात. बाळंतपणात त्या एका आलेखावर गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, डोकं किती उतरलं, हे नोंदवत राहतात. रेघ ठरलेल्या मर्यादेच्या उजवीकडे सरकली की ओळखायचं, बाई अडली. हे तिसऱ्या दिवशी नाही, काही तासांतच कळतं, आणि तिला सिझेरियनसाठी हलवायला वेळ हातात असतो.