कॅम्पसवरची आपत्ती तयारी: नागपुरात हा विषय आला कुठून

आजकाल नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजात जा, क्लायमेट रेझिलियन्स (म्हणजे हवामानाचे तडाखे झेलायची तयारी), मॉक ड्रिल, आपत्ती व्यवस्थापन कक्ष हे शब्द कानावर पडतातच, नॅकची, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेची, फाइल बनत असेल तर जरा जास्तच. आणि हे सुरू कधी झालं विचारलं की जो तो २३ सप्टेंबर २०२३ सांगतो. त्या पहाटे चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, आणि एरवी जिला आपण नाला म्हणतो ती नाग नदी डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर करत लोकांच्या बेडरूममध्ये शिरली. एलएडी कॉलेजमधल्या मुलींना, मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना रेस्क्यू करून काढावं लागलं. गंमत बघा, ४ ऑगस्टला नागपूर विद्यापीठाला १०० वर्षं पूर्ण झाली होती, त्यानंतर बरोबर ५० दिवसांनी हे.

पण खरं सांगू का, गोष्ट खूप जुनी आहे.

देशात आपत्तीचं शिक्षण जिथे मिळतं त्यातल्या दोन मोठ्या संस्था आपल्याच गावात आहेत आणि त्याही आजकालच्या नाहीत. नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज १९५६ ला रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. त्याच १९५७ मध्ये इथे आपत्कालीन मदतीचं ट्रेनिंग देणारी केंद्र सरकारची संस्था निघाली, तीच १९६८ ला नॅशनल सिव्हिल डिफेन्स कॉलेज झाली आणि २०१८ नंतर एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) अकादमीत गेली. म्हणजे अख्ख्या देशातून लोक इथे शिडी कशी लावायची, ढिगाऱ्यातून माणूस कसा काढायचा ते शिकायला येत होते, आणि आपण बी.ए. बी.एस्सी. करणारे तिथून काही मिनिटांवर बसून फक्त 'फायर कॉलेजच्या पुढे उतरव' एवढ्यापुरतं ते नाव घेत होतो.

विषय विद्यापीठांपर्यंत यायला मधे बरीच माणसं मरावी लागली, असंच म्हणावं लागेल. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात नरखेड तालुक्यातलं मोवाड वाहून गेलं, २०४ माणसं गेली. आमच्याकडे जुनी माणसं अजून पाऊस लागून राहिला की मोवाडचं नाव काढतात. मग ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी, त्यानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखडे बनायला लागले. २००१ चा भूज, २६ जुलै २००५ ची मुंबई, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आपत्ती व्यवस्थापन कायदा. २०१६ ला केंद्राने जो दहा कलमी अजेंडा मांडला त्यात एक कलम सरळ विद्यापीठांचं होतं, की आपत्तीच्या विषयावर काम करणाऱ्या विद्यापीठांचं नेटवर्क उभं करा. एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) 'आव्हान' शिबिरं आहेत, त्यात पोरं दोर बांधायला, स्ट्रेचर बनवायला शिकतात, आणि माझ्या मते सगळ्या कागदांपेक्षा हे जास्त कामाचं.

बरं, पुराचंही २०२३ पहिलं नव्हतं. ६ जुलै २०१८ ला, कित्येक वर्षांनी पावसाळी अधिवेशन नागपुरात भरलं होतं तेव्हा, विधानभवनाच्या वीज यंत्रणेतच पाणी घुसलं, लाइट गेले आणि कामकाज थांबलं. त्याच दिवशी शहराच्या दक्षिणेकडे एका शाळेतून शेकडो मुलं बाहेर काढावी लागली. कारण तेच, पडणारं पाणी मुरायला जागा नाही. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून निघते, वाडीकडून अंबाझरीत येते, आणि त्या सगळ्या पट्ट्यात आता वस्ती, रस्ते, कारखाने. तलाव भोसल्यांच्या काळातला, बांध मातीचा, आणि खाली नदीचं पात्र जागोजागी आवळलेलं. पुरानंतर तलावाच्या सांडव्यापुढचा पुतळा पाण्याच्या वाटेत येतो हा मुद्दा हायकोर्टात गेला, त्यावर लोकांनी खूप लिहिलंय, मी परत उगाळत नाही.

मला जास्त बोलायचंय उन्हाबद्दल, कारण पूर कधीतरी येतो, ऊन दरवर्षी येतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश होतं. अहमदाबादने त्याच वर्षी हीट अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे उन्हाच्या लाटेत काय करायचं त्याचा आराखडा, केला, आपल्याकडे तो २०१६ च्या सुमारास आला. मे २०२४ मध्ये तर रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक हवामान स्टेशनने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, नंतर कळलं की सेन्सर बिघडला होता आणि खरं तापमान ४५ च्या आसपास होतं. बाहेरगावच्या मित्रांचे फोनवर फोन, जिवंत आहेस ना? मी म्हटलं बावा, ४५ ला पण आम्ही परीक्षा देऊन राहिलो.

आणि ते खोटं नाही. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, हे इथलं जुनं हीट अ‍ॅडाप्टेशनच, त्याला कोणी तसं नाव दिलं नाही एवढंच. कॉलेजचं मात्र तसं नाही, उन्हाळी परीक्षा नवतपात (मे अखेरच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) सुद्धा चालतात. आमच्या होस्टेलला (कुठलं ते राहू द्या) खिडकीत कुलर, त्याची वायर दुसऱ्या मजल्यावरून लोंबत आलेली, खाली टाकीतलं पाणी सांडलेलं, आणि बाजूला भिंतीवर आग विझवायचं सिलिंडर, ज्यावरची तारीख संपून तीन वर्षं झालेली. एकदा मॉक ड्रिल झालं. भोंगा नव्हता म्हणून मेसची घंटा वाजवली. सगळी पोरं ताटं घेऊन खाली आली.